मेडिकलच्या आधी पंप बंद करू नका!

गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय: 'लहानपणी दमा किंवा टीबी झाला असेल तर पायलटच्या मेडिकलमध्ये कायमचं अनफिट. म्हणून पंधरा दिवस आधी पंप बंद करा, फॉर्ममध्ये काही लिहू नका, रक्तात काही सापडत नाही. विमानात हवेचा दाब जमिनीइतकाच असतो, त्रास होत नाही.' माझ्या भाच्याने हे खरं मानलं. परवा ताईला त्याचा पंप कपाटात मोज्यांखाली सापडला, डोसचा आकडा १०२ वर अडकलेला. पोरगा दुसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत धापा टाकत होता.

म्हणून आधी पंपाचंच बोलते. रोज घ्यायचा पंप वेगळा, धाप लागल्यावर घ्यायचा वेगळा. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड श्वासनळ्यांची सूज दाबून ठेवतं. ते थांबवलं की सूज हळूहळू परत येते, म्हणजे नेमकी मेडिकलच्या सुमारास! स्पायरोमेट्रीत नळीत जोरात फुंकायला लावतात आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते मोजतात. तिथे रक्ताचा संबंध येतोच कुठे? नियमित पंप घेणाऱ्याचा आकडा सुधारतो, सोडलेल्याचा घसरतो. शिवाय आज लपवून सुटलात तरी व्यावसायिक पायलटला मेडिकल पुन्हा पुन्हा द्यावंच लागतं.

'कायमचं अनफिट' म्हणणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट १ उघडून बघावं. फार त्रास देणारा किंवा उड्डाणात माणसाला निकामी करू शकेल असा दमा अनफिट. औषधं मात्र सुरक्षित उड्डाणाच्या आड येणारी नसतील तर चालतात. सक्रिय टीबी अनफिट, पण बऱ्या झालेल्या टीबीचा डाग फुफ्फुसावर असला तरी फिट ठरवता येतं. स्वच्छ लिहिलंय.

हो, मुभा आहे म्हणून शिक्का लगेच मिळतो असं नाही. जादा तपासण्या होतात, वेळ जातो, काहींना नकारही येतो. गंभीर दम्यात तो यायलाच हवा.

दाबाचं तर साफ खोटं. केबिनमधला दाब ८,००० फूट उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट. शरीरात अडकलेली हवा त्यात साधारण एक तृतीयांशाने फुगते. छातीत हवा शिरून फुफ्फुस मिटलेल्याला हे जिवावर बेतू शकतं.

भाच्याचा पंप काल रात्रीपासून पुन्हा सुरू झालाय. मंगळवारी आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे जातोय. सहावीत ॲडमिट होता तेव्हाचे कागदही ताईने फाइलमध्ये लावलेत.