पैशाचं म्हणे आम्ही बघतो

"बायकांच्या गोष्टी बायकांनी लिहाव्यात, पैशाचं आम्ही बघतो." एका सिनेनिर्मात्याची ही क्लिप सकाळपासून फिरतेय आणि खाली टाळ्यांचा पाऊस. कमाल आहे! अहो, पैशाचं कोण बघतं यावरच तर गोष्ट कुणाची ते ठरतं.

सिनेदिग्दर्शिका सुमित्रा भावे आठवतात ना? समाजशास्त्राच्या, पुण्यात समाजकार्य शिकवणाऱ्या. फिल्म स्कूलचं तोंडही न पाहिलेल्या. 'स्त्रीवाणी' या संशोधन प्रकल्पाच्या कामात वस्तीतल्या बायकांचा अभ्यास झाला आणि प्रश्न पडला, हा अहवाल त्या बायका वाचणार कशा? म्हणून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण आधी आला तो हा प्रश्न.

आता पैशाचं बघणारे काय करतात ते सांगते. शूटिंगआधी पटकथेचं ब्रेकडाउन होतं, म्हणजे कुठल्या सीनला किती वेळ, काय सामान लागेल याची मोडणी. पानाचे आठ भाग धरतात. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. 'ती भांडी आवरते, मग नुसती बसते' हा झाला एक अष्टमांश. कागदावर सात-आठ सेकंद, पडद्यावर दीड मिनिट. स्वयंपाकघर आठ बाय दहाचं, कॅमेऱ्याची ट्रॉली मावत नाही, खिडकीतून ऊन आणायचं तर बाहेर लाइटचा स्टँड लावा. लायटिंगलाच तास जातो आणि शेड्यूलमध्ये मिळालेली असतात वीस मिनिटं. दुपारी युनिट मागे पडलं की निर्मात्याचा माणूस विचारतो, "ह्यात घडतं काय? उडवा." थोबाडीत मारायचा सीन कुणी उडवत नाही हो! मग एडिटला उरलेली बाई एकतर रडते, नाहीतर ओरडते. आणि पोस्टरवर 'स्त्रीप्रधान'.

भावे पटकथेबरोबर कलादिग्दर्शन, वेशभूषाही बघायच्या. ती हौस नव्हे. दुकानातून आणलेली साडी खळ जाईपर्यंत धुवावी लागते, काठ घासावे लागतात, नाहीतर मजुरीला निघालेली बाई लग्नाला निघाल्यासारखी दिसते. चिखलाचा सीन असेल तर रीटेकसाठी तशाच तीन हव्यात, तिन्ही सारख्याच विटलेल्या. बिल तिप्पट. त्या बिलावर सही करणाऱ्याला अहवाल वाचू न शकणारी ती बाई दिसत नसेल, तर एकच साडी येते, कोरी करकरीत.

मान्य, 'उंबरठा' सिनेमाची पटकथा आणि दिग्दर्शन पुरुषांचंच, आणि छान. मान्य, भावेंबरोबर सहदिग्दर्शक सुनील सुकथनकर होते, आणि सुवर्णकमळ मिळालेल्या त्यांच्या 'कासव'च्या निर्मितीत अभिनेते मोहन आगाशेही होते. एकटीनं सगळं ओढावं असं मी म्हणतच नाहीये. तिजोरीच्या खोलीत तिला खुर्ची हवी, इतकंच.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. भावे-सुकथनकरांचा 'दोघी' आठवला. घरासाठी मुंबईत स्वतःला विकून परत आलेली थोरली आणि तिच्याकडे धड बघूही न शकणारं तिचंच घर. त्यात संवादापेक्षा गप्प बसणंच जास्त बोलतं. आणि ब्रेकडाउनमध्ये पहिली कात्री लागते ती नेमकी या गप्प बसण्याला.

लिहिणाऱ्या पोरींनो, खुर्ची मिळेपर्यंत एक करा. असा सीन एका ओळीत उरकू नका. भांडी, पदर, दाराकडे बघणं, बसणं, प्रत्येक कृतीला वेगळी ओळ, मध्ये जागा सोडून. तीन अष्टमांश भरले की शेड्यूलमध्ये तास मागता येतो. आणि ब्रेकडाउनच्या दिवशी स्वतः जाऊन बसा, कुणी बोलावलं नाही तरी.