डिजिटल लावल्याशिवाय झाड लावू नये

घरच्या घरी पर्यावरण वाचवायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे ऐकून बरं वाटलं. कोल्हापुरात एखादी गोष्ट मनावर घेतली की तिचा नाद होतो, आणि नादाला खर्च बघायचा नसतो. तेव्हा पहिला नियम आत्ताच पाठ करा: जे चारचौघांना दिसत नाही, ते करायचं नाही.

आता पातेल्यावरच्या झाकणाचं बघा. डाळ तासभर आधी भिजवली, कुकरला लावली, रश्शाला उकळी फुटल्यावर झाकण ठेवून गॅस बारीक केला, की सिलिंडर चार दिवस जास्त पुरतो. तुमच्या सासूबाई हे गेली कित्येक वर्षं सांगतायत. पण झाकणाचा फोटो स्टेटसला कसा लावणार? लोक एवढंच विचारणार, "आत काय शिजतंय?" आणि मटण असलं तर जेवायला येणार. म्हणजे गॅस वाचला आणि मटण गेलं. त्यापेक्षा गॅस मोठा ठेवा, झाकण भिंतीला टेकवून ठेवा आणि खरेदीला निघा.

कारण निसर्गप्रेमाची सुरुवात खरेदीनंच होते. घरातले प्लास्टिकचे डबे अजून पंधरा वर्षं सहज टिकतील, म्हणूनच ते आधी फेकले पाहिजेत. त्यांच्या जागी एकसारख्या काचेच्या बरण्या मागवा. त्या फुटू नयेत म्हणून फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, खोक्यात खोकं घालून येतील, त्याकडं लक्ष देऊ नका. बांबूचे ब्रश घ्या. स्टीलच्या स्ट्रॉ घ्या. (आपल्याकडं उसाचा रस ग्लास तोंडाला लावूनच पितात, त्यामुळं स्ट्रॉचं काय करायचं ते नंतर बघू.) एक धोक्याची सूचना मात्र देऊन ठेवतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार काढतात आणि पेला तुमच्या हातात येतो. पिशवी नाही, बाटली नाही, लेबल नाही. पेला धुतला की पुढचं गिऱ्हाईक. याला शून्य कचरा म्हणायची चूक करू नका. तिथं शेण असतं. शून्य कचरा पांढऱ्या भिंतीच्या दुकानात मिळतो आणि त्याला वेगळा दर लागतो.

पिशवीचं प्रकरण जरा नाजूक आहे. राज्यात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून आपण सगळ्यांनीच कापडी पिशव्या घेतल्या. कोणी लग्नात दिल्या, कोणी वाढदिवसाला, कोणी निवडणुकीत. आता घरात 'वसुंधरा वाचवा' छापलेल्या इतक्या पिशव्या आहेत की त्या ठेवायला एक मोठी पिशवी लागते. सुती पिशवी करायला कापूस लागतो, कापसाला पाणी लागतं, त्यामुळं एकच पिशवी वर्षानुवर्षं वापरली तरच तिचा उपयोग, असं जाणकार म्हणतात. आपण मात्र ती दाराच्या मागं टांगून कपिलतीर्थ मंडईला जायचं. "पिशवी आणलीसा का?" असं भाजीवाल्या मावशींनी विचारलं की कपाळाला हात लावायचा आणि कोथिंबीर, मिरची, वांगी असं सगळं वेगवेगळ्या पातळ पिशव्यांत घालून मागायचं. एकत्र केलं की वांग्याला मिरची लागते म्हणे.

पाण्याची चिंता तर आपण करूच नये. दुष्काळ तिकडं, जत-आटपाडीकडं. आपल्याकडं शाहू महाराजांनी राधानगरीला धरण घातलंय आणि आता काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आलीय. तिथलं पाणी पन्नासहून जास्त किलोमीटर प्रवास करून शहरात येतं, ते उपसायला वीज लागते, शुद्ध करायला वीज लागते, आणि मग टाकीत चढवायला तुमची मोटार लागते. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला लगेच गटारीत घालवायचं म्हणजे मन कठोर करावं लागतं. पण सकाळी मोटारसायकलवर पाइप धरून उभं राहिलात की जमतं. मोटारसायकल झाली की दारातला डांबरी रस्ता धुवा. डांबराला धूळ लागलेली आपल्याला चालत नाही. शुद्ध पाण्याचं यंत्र घरी असेलच. ते एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. त्या नळीखाली बादली ठेवली तर फरशी पुसायला, संडासात ओतायला पाणी मिळतं, असं शेजारचे काका सांगत होते. काकांच्या घरी बादली आहे खरी. पण त्यांच्या बैठकीतून ती दिसते. आपल्याला दिसायला हवं ते पर्यावरण, बादली नव्हे.

विजेच्या बाबतीत तर आपण पुढारलेलेच आहोत. साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याच्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावला आणि वाचलेल्या पैशात आणखी अकरा दिवे छतात बसवले. अंघोळीचा गिझर पहाटे लावून झोपावं. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, पण उठल्यावर गरम पाणी तयार असतं, आणि नसलं तरी आपण उठलेलो नसतो. 2024 पासून केंद्र सरकार घरावरच्या सौर संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान देतं. त्या योजनेची माहिती मित्रांना जरूर पाठवा. आपल्या गच्चीवर मात्र पत्र्याची शेड घालायची ठरलीय, खाली पार्टीला जागा होते. एसीचं तापमान चोवीसवर ठेवा असं ऊर्जा खात्यापासून सगळे सांगतात, आणि 2020 नंतरच्या एसीत सुरुवातच चोवीसवर होते. तिथून अठरावर आणणं हे तुमच्या बोटाचं काम. थंडी वाजली की आजीच्या लुगड्यांची गोधडी अंगावर घ्या. जुन्या कापडाचा पुनर्वापर झाला, हे सांगायला विसरू नका.

आता स्वयंपाकघरातल्या मोरीकडं वळू, कारण खरं पुण्य तिथंच साठतं. रविवारचा तांबडा रस्सा उरला, वर बोटभर तेलाचा कट आलाय. कट वेगळा काढून दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीला घातला तर चालतो, आणि नकोच असेल तर कागदाने पुसून भांडं घासता येतं. पण एवढा वेळ कुणाला? सरळ सिंकमध्ये. वरून गरम पाणी आणि मूठभर पावडर. पाइपात पुढं जाऊन तेल गोठतं, गल्लीतलं चेंबर तुंबतं, तेव्हा नगरसेवकाला शिव्या द्यायला आपण मोकळे. न तुंबता पुढं गेलं तर ते जयंती नाल्याला लागतं. नाल्याचं पाणी अडवून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडं उपसायची सोय आहे, पण धो धो पाऊस आला की नाला कुणाचं ऐकत नाही, सरळ पंचगंगेत. तिथं आपल्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन केंदाळ, म्हणजे जलपर्णी, फोफावतं. नदीवर हिरवागार गालिचा दिसला की शहरात हिरवळ वाढली, असं समजायला हरकत नाही.

आणि ही नदी पुढं कुठं जाते? इचलकरंजीवरून, शिरोळ तालुक्यातून नरसोबाच्या वाडीला, कृष्णेला भेटायला. म्हणजे आपण रविवारी मोरीत सोडलेलं, गुरुवारी वाडीला जाऊन संगमावर हात जोडून डोक्यावर घ्यायचं. देवानं दिलेलं देवालाच, असं म्हणतात. आपण तर एक पाऊल पुढं गेलो, आपलं आपल्यालाच. नदी खराब कुणी केली, हा प्रश्न वाडीच्या घाटावर पडलाच, तर कारखान्यांकडं बोट दाखवा. ते करतातच. बोट दाखवताना हाताला तेलाचा वास येणार नाही एवढं पाहा.

कचऱ्याचं सोपं आहे. ओला आणि सुका असे दोन डबे 2016 च्या नियमांत आले, घातक कचऱ्याचा तिसरा, आणि तुमच्या घरीही ते डबे आहेत, हिरवा आणि निळा. हिरव्यात कांद्या-बटाट्याची सालं, निळ्यात कागद. कचऱ्याचा टिपर आला की दोन्ही एकाच पिशवीत उलटे करून द्यायचं, नाहीतर त्याला दोनदा थांबावं लागतं आणि डिझेल जातं. बघा, डिझेलचाही विचार केला. परसात खड्डा काढून किंवा जुन्या माठाला भोकं पाडून त्यात सालं, वाळका पाला आणि थोडी माती घातली, तर दोन-तीन महिन्यांत खत होतं, वासही येत नाही. पण परस उरलंय कुठं? तिथं पेव्हिंग ब्लॉक टाकले. पाला पडून अंगण घाण होतं म्हणून समोरचा आंबाही काढला. पावसाचं पाणी आता जमिनीत न शिरता गेटातून बाहेर पडतं, आणि उन्हाळ्यात बोअर आटली की टँकर गेटातून आत येतो. येण्याजाण्याचा समतोल साधला.

आंबा काढल्याची रुखरुख लागत असेल तर जूनमध्ये एक रोप लावा. पण थांबा. आधी डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक. आठ बाय दहाचं, त्यावर तुमचा फोटो, नेत्यांचा फोटो, कोपऱ्यात रोपाचा लहान फोटो. ते चौकात लागल्याशिवाय खड्डा खणायचा नाही. गेल्या वर्षीचाच खड्डा मिळाला तर उत्तम. रोपाला पाणी कोण घालणार हा प्रश्न कुणी विचारला, तर तो विरोधी गटाचा समजावा. डिजिटल प्लास्टिकचंच असतं, पण पावसाळा संपला की गवळी ते गोठ्यावर घालायला नेतो, म्हणजे तेही टाकाऊपासून टिकाऊ. तुमचं रोप तोवर गाईनं खाल्लेलं असेल. तिचा गोठा तर आता गळत नाही ना?

गणपतीत शाडूची मूर्ती आणा. शाडू पाण्यात थोड्या वेळात विरघळतो, प्लास्टर महिनोन्‌महिने तसंच राहतं, हे आता लहान पोरांनाही माहीत आहे. ती शाडूची मूर्ती थर्माकोलच्या मखरात बसवा, म्हणजे फोटोला उठाव येतो. विसर्जनाला इराणी खणीवर, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या खाणीवर, जा, मूर्ती सुपूर्द करा, आणि निर्माल्याची पिशवी परत येताना पुलावरून सोडा, गाठ घट्ट मारून. तशीही पंचगंगा कुणाची उधारी ठेवत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी त्रेचाळीस फुटांवर गेलं की धोका, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. 2019 ला आणि 2021 ला ते त्याच्या कितीतरी वर गेलं. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या झाडांना ज्या पिशव्या टांगलेल्या दिसल्या, त्यात तुमची कुठली हे ओळखायला गाठ कामी येते.

येत्या रविवारी घाटावर श्रमदान ठेवलंय, यायचंच. सकाळी सातला, म्हणजे साडेआठला. प्रत्येकाला टी-शर्ट, टोपी, हातमोजे आणि पाण्याची दोनशे मिलीची बाटली मिळेल. एका बाटलीनं भागत नाही, दोन घ्या. नाश्त्याला मिसळ आहे, कट वेगळा मिळेल. चारचाकीनं या, पार्किंगची सोय नदीपात्रातच केलीय.