फळांचंच काहीतरी कर ना, सोप्पं!

सणाचा बेत ठरत असताना घरातलं कुणीतरी, बहुधा ज्याने जन्मात फक्त केळं सोललंय असं, उदार मनाने सुचवतं, "पुरणाबिरणाचा घाट नको घालू. फळांचंच काहीतरी कर. सोप्पं!"

पुरणाला निदान शब्द असतो. डाळ शिजली की शिजली, उलथनं उभं राहिलं की गॅस बंद. फळ कालपर्यंत दगड असतं, उद्या लगदा होणार असतं, आणि आपल्याला ते हवं असतं नेमकं आज, दुपारी साडेबाराला, आठ पानांना. थंडीतली फळं तर जास्तच मानी. त्यात ठाण्याची थंडी म्हणजे पहाटे गोधडी आणि दुपारी पंखा. फळाला कुठल्या ऋतूत पिकायचंय तेच कळत नाही.

सगळ्यात मानी सीताफळ. दिवाळी उलटली की जांभळी नाक्याच्या बाजारात प्रत्येक टोपलीतलं सीताफळ 'गोल्डन' होतं. गोल्डन नावाची जात खरंच आहे. ती उशिरापर्यंत येते, बिया कमी, गर जास्त. पण टोपलीवर फळवाल्याने म्हटलं म्हणून ते गोल्डन होत नाही. डोळे मोठे आणि फुगीर हवेत, दोन डोळ्यांमधली भेग पिवळट पांढरी हवी. रविवारी जेवण असेल तर गुरुवारी कडकच घ्यायची आणि तांदळाच्या डब्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची. कच्चं सीताफळ फ्रीजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते आणि आत ते जन्मभर कच्चंच राहतं. पिकल्यावर मात्र लगेच फ्रीज. तिथे एखाददोन दिवस दम धरतं.

पिकलंय का हे तळव्यात धरून बघायचं, अंगठ्याने दाबून नाही. हे घरात कितीही वेळा सांगा. जाता-येता प्रत्येक जण दाबतो आणि "अजून नाही" असा निकाल देऊन निघून जातो. रविवारपर्यंत फळावर इतके अंगठे उमटतात की त्यावर एखादं खरेदीखत उरकावं.

स्वस्त पडतं म्हणून वाशीच्या बाजार समितीच्या फळ मार्केटात जाण्याची हौस असेल तर तिथे मोजून सहा सीताफळं कुणी देत नाही, अख्खा क्रेट घ्यावा लागतो. तीन घरांत वाटून घेतला तर परवडतो. प्रश्न तो ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला आणण्याचा असतो. पिशवी रॅकवर टाकलीत की तुर्भ्याला कुणीतरी त्यावर लॅपटॉपची बॅग ठेवतं आणि घणसोलीला दुसरं कुणी त्या बॅगेवर हेल्मेट. ठाण्याला उतरेपर्यंत गर काढून तयार. फक्त साल, बिया आणि पिशवी यांच्यासकट.

आता बासुंदी. आठ जणांना दोन लिटर म्हशीचं दूध पसरट कढईत आटवायला ठेवायचं. सव्वा लिटरवर यायला पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात मोबाइल दुसऱ्या खोलीत असलेला बरा. कडेची साय खरवडून आत ढकलत राहायची. साखर शेवटी, पाच-सहा मोठे चमचेच. साखर पडली की दूध थोडं पातळ होतं, म्हणून आधी जरा दाटच ठेवायचं. मग पूर्ण गार करायचं. कोमट नाही, गार. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो आणि त्याला गुलाबी झाक येते. "एक उकळी काढ म्हणजे मुरेल" म्हणणाऱ्या आत्या प्रत्येक घरात असतात. त्यांना त्या वेळी निरसं दूध आणायला खाली पाठवावं.

गर काढणं ही खरी शिक्षा. दीड किलो फळातून दोन वाट्या गर निघाला तर नशीब. एका फळात तीस-चाळीस बिया सहज, म्हणजे आठ पानांसाठी अडीचशेच्या आसपास बियांशी वैयक्तिक ओळख होते. मिक्सर लावायचा मोह इथेच होतो. लावायचा नाही. बी फुटली की बासुंदी कडू होते, शिवाय ती बी विषारी असते, पोटात जाण्यासारखी नाही. मोठ्या भोकांच्या चाळणीत गर घेऊन हाताने फिरवायचा, किंवा पातेल्यात चार चमचे थंड दूध घालून लाकडी रवीने अगदी हलकेच घुसळायचा. बिया आपोआप मोकळ्या होतात. सालीलगतचा थर मात्र खरवडू नये. "वाया कशाला घालवायचं" म्हणून चमच्याने ओरबाडला की बासुंदीत वाळू पडल्यासारखी किरकिर लागते आणि पाहुणे विचारतात, "रवा घातलाय का?" वेलची, केशर, जायफळ काही नको. सीताफळाचा वास लाजाळू असतो, वेलची बोलायला लागली की तो गप्प बसतो.

संत्र्याच्या बासुंदीचं कूळ तेच, भांडण वेगळं. बासुंदी फ्रीजमधली, संत्र्याच्या सोललेल्या फोडीही फ्रीजमधल्या, आणि दोघांची भेट थेट वाटीत, पान वाढताना. आधी मिसळून ठेवली तर तासाभरात आंबटपणा आपलं काम करतो आणि तुम्ही आयत्या वेळी कलाकंद केला होता असं सांगावं लागतं. डिसेंबरपर्यंतचं आंबिया बहाराचं नागपुरी संत्रं जरा आंबटसरच, फेब्रुवारी-मार्चमधलं मृग बहाराचं जास्त गोड. पण संक्रांत काही मार्चपर्यंत थांबत नाही. फोडीवरचा पांढरा पापुद्रा आणि बी दोन्ही काढायचं, दोन्ही कडू. दहा संत्री सोलायला अर्धा तास, खायला चार मिनिटं.

फ्रूट सॅलडबद्दल मला फार बोलायचं नाही. एवढंच, की कच्चा अननस दुधात घालू नका. त्यातल्या पाचक द्रव्याने दूध कडू होतं. फोडी साखर घालून पाच मिनिटं उकळल्या की त्याची नांगी मोडते. पपईचंही तेच. डाळिंबाचे दाणे अगदी शेवटी, नाहीतर सगळ्याला कालच्या रंगपंचमीचं पाणी लागल्यासारखं दिसतं. केळं वाढण्याच्या पाच मिनिटं आधी. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची आणि मग देठ काढायचा, उलट केलं की ती आत पाणी भरून घेते. श्रीखंडात घालायची असेल तर कच्ची नाहीच. पाव किलोला तीन चमचे साखर घालून घट्ट आटवून, गार करून मग चक्क्यात. कच्ची घातली तर साखरेने पाणी सुटतं आणि पुरीसोबत मठ्ठा वाढावा लागतो.

डाव्या बाजूला पेरूची कोशिंबीर हवीच, माझ्या मते थंडीच्या ताटातला सगळ्यात हुशार पदार्थ. तीन पेरू, पिवळसर पण दाबल्यावर न दबणारे. मधला बियांचा गोळा चमच्याने काढायचा, बाहेरच्या गराच्या बारीक फोडी. दोन चमचे तुपाची जिरं, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी, मीठ, चिमूटभर साखर. वाटीभर घट्ट दही वाढायच्या आधी दहा मिनिटं. फार आधी घातलं तर पाणी सुटतं आणि ती पानात डावीकडून उजवीकडे चालू लागते. पेरू फ्रीजमध्ये उघडा ठेवू नये. सकाळच्या चहालाही पेरूचा वास येतो. लोणी, भिजवलेली कणीक, साबुदाणा, कुणाचीही सुटका नाही.

मार्गशीर्षात अडचण उलटी असते. तेव्हा फळं कमी पडत नाहीत, संपत नाहीत. दर गुरुवारी घटापुढे पाच, चार गुरुवारांची वीस. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला पाच-सात सवाष्णींना एकेक फळ आणि पोथी द्यायची, आणि त्याच संध्याकाळी त्या सगळ्यांकडे जाऊन आपणही एकेक फळ आणि पोथी घेऊन यायचं. केळं दोन दिवसांत काळं पडतं, चिकू मऊ होतो, म्हणून शहाण्या बायका सफरचंद देतात. सफरचंद हे फळ नव्हेच, ते नौपाड्यातलं चलन आहे. कोपरा दुमडलेल्या स्टिकरचं एक सफरचंद सकाळी गेलं आणि रात्री मानाने परत आलं, असं होतं. उरलेल्या केळ्यांचा शिरा करावा. वाटीभर रव्याला एक अति पिकलेलं केळं, रव्याबरोबर तुपातच परतायचं, दुधानंतर नाही. चिकू पूर्ण पिकलेला नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, चीक घशाला धरतो आणि मग सगळे जण जेवणभर खाकरत बसतात.

आणि मग संक्रांत, म्हणजे बोरं. भोगीच्या भाजीत बोरं हवीतच, आंबटपणा तोच. आंबट गावठी घ्यावीत. प्रत्येकाला चीर देऊन आत बघावं, कारण अळी बाहेरून सांगून येत नाही. भाजी शिजत आली की शेवटची सात-आठ मिनिटं घालावीत, आधी घातली तर साल एकीकडे आणि बी एकीकडे. आणि किती घातली ते मोजून ठेवावं. जेवायला बसताना जाहीर करावं, "बारा बोरं आहेत, बारा बिया परत आल्या पाहिजेत." पहिल्या घासाला वाटाणा समजून काडकन चावणारे एक काका असतातच.

बोरन्हाणाला मात्र ते सफरचंदाएवढं 'ॲपल बोर' आणू नका. दोन वर्षांच्या बाळाच्या डोक्यावर मापाने ती ओतायची असतील तर आधी हेल्मेट आणावं. बारकी चण्यामण्या बोरं घ्यावीत, मापात निम्म्याहून जास्त चुरमुरे, उसाचे तुकडे बोटाच्या पेरापेक्षा लहान. बोरं आदल्या रात्री धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करावीत. ओली राहिली की हलवा विरघळतो, चुरमुरे सादळतात, आणि बाळाच्या काळ्या झबल्यावर जो चिकट थर बसतो तो कुठल्याच पावडरने निघत नाही. गालिचा आधी उचलून ठेवावा, सोफा भिंतीला टेकवावा. तरी एक बोर जातंच. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला बायका पाय वर घेऊन बसल्या आणि मुंग्यांची रांग सोफ्याखाली वळताना दिसली, की समजायचं कुठे गेलं ते.