पखालीला सुई

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरून चकलीचा सोऱ्या काढताना उजव्या खांद्यात कळ आली आणि ती तिथेच मुक्कामाला राहिली. मी हायस्कूलला इतिहास शिकवते. जूनमध्ये तारीख फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहीत होते, डिसेंबरात ती फळ्याच्या कमरेला आली. मागच्या बाकावरच्या एका कार्ट्याने विचारलंच, ‘बाई, इतिहास घसरला का?’

वर्गातलं एक वेळ निभतं, पण अंबाड्याचं काय? हात मागे जाईना. नवऱ्याने हौसेने वेणी घालून दिली. बेदाण्याच्या बॉक्सला सुतळी आवळावी तशी. दिवसभर भुवया वर ओढलेल्या राहिल्या आणि स्टाफरूममध्ये सगळे विचारत राहिले, ‘कशाचं एवढं आश्चर्य वाटतंय?’

सांगलीकराचं कुठलंही दुखणं मिरजेला जाऊन आल्याशिवाय अधिकृत होत नाही. वानलेस डॉक्टरांनी 1894 साली तिथे दवाखाना काढला तेव्हापासूनची ही रीत असावी. तेव्हा आम्हीही मिरजेला गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी हात चारी दिशांना फिरवून पाहिला (फिरला दोनच दिशांना), साखर तपासायला लावली, कारण मधुमेहवाल्यांना हे जास्त होतं म्हणे, आणि ‘फ्रोजन शोल्डर’ असं निदान केलं. व्यायाम करा, भिंतीवर बोटं चालवत वर न्या, वर्ष-दोन वर्षांत सुटेल. वर्ष-दोन वर्षं! तोवर माझी तारीख फळ्यावरून उतरून फरशीवर आली असती.

मग सल्ल्यांची रांग लागली. सासूबाईंनी हळद-दूध सुरू केलं. हळदीच्या गावात राहून हळद न पिणं हा त्यांना देशद्रोह वाटतो. आणि शेजारच्या काकूंनी अ‍ॅक्युपंक्चरचं नाव काढलं. ‘अगं, नुसत्या सुया टोचतात. काही होत नाही.’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी सुईला भिते. बीसीजी टोचायला आले तेव्हा मी शाळेच्या मुतारीत लपले होते, ही गोष्ट आजवर विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवली आहे. तरी वेळ घेतली, मंगळवारी अकराची. घेताना कॅलेंडर पाहिलं नाही. ती निघाली अंगारकी.

आता रक्त तपासायला जाताना उपाशी जातात, सोनोग्राफीला उपाशी जातात, तेव्हा सुया टोचून घ्यायलाही उपाशीच जायचं असणार, म्हणजे उपास आयताच कामी आला, असा मी हिशेब केला. प्रश्न राहिला हळद-दुधाचा. हळद उपासाला चालत नाही. सासूबाईंनी मिनिटभर डोळे मिटले आणि निकाल दिला, ‘औषध म्हणून चालते.’ सहा वाजता पेलाभर घेतलं, गणपतीच्या देवळात जाऊन रांगेत उभी राहिले आणि तशीच दवाखान्यात.

जाताना नेसले होते कडक इस्त्रीची सुती साडी आणि कोपरापर्यंत बाह्यांचा घट्ट ब्लाऊज. पहिल्यांदा कुठे जायचं तर नीटनेटकं जावं, हे संस्कार. पण या उपचारात कोपर लागतं, गुडघ्याखालचा पाय लागतो, खांदा तर लागतोच. सैल सलवार-कुडता घालून गेले असते तर पुढचा निम्मा गोंधळ टळला असता.

पोचल्या पोचल्या सवयीने भिंतीवरचं सगळं वाचून काढलं. आपल्या राज्यात या पद्धतीसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसारचं नोंदणी प्रमाणपत्र चौकटीत होतं. शेजारी माणसाचा तक्ता, अंगभर ठिपके आणि रेघा. मोजायला सुरुवात केली, पण मुख्य बिंदूच 361 आहेत हे खाली छापलेलं दिसलं आणि मोजणी सोडून घाम पुसला.

डॉक्टर तरुण, आवाज मऊ. आधी प्रश्नपत्रिका झाली. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का? पेसमेकर? (कधी कधी सुयांना बारीक वीज जोडतात, म्हणून.) दिवस गेलेत का? मी एक्कावन्न वर्षांची. नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. काही बिंदू गरोदरपणी टाळतात, म्हणून सगळ्याच बायकांना विचारावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. पण नवऱ्याच्या खांद्यांचं हलणं थांबायला वेळ लागला. त्याचे खांदे बघा कसे छान हलतात.

मग जीभ दाखवायला सांगितली. जीभ बघणं हा त्यांच्या तपासणीचाच भाग. डॉक्टर वाकले, टॉर्च लावला, गंभीर झाले.

‘पिवळा थर आहे. अंगात उष्णता दिसतेय.’

‘उष्णता नाही डॉक्टर, राजापुरी आहे.’

‘काय?’

‘हळद. सकाळी प्यायलेय.’

त्यांनी कागदावर लिहिलेलं काहीतरी खोडलं. जीभ दाखवायला जाण्याआधी रंगीत काही खाऊ-पिऊ नये म्हणे. हे काकूंनी सांगायला नको होतं का?

‘आणि जेवलात काय?’

‘आज अंगारकी.’

डॉक्टरांनी पेन ठेवलं. पहिल्यांदा येणाऱ्याला, त्यातून घाबरलेल्याला, रिकाम्या पोटी सुया लावल्या की चक्कर येते. भरपेटही नको, पण काहीतरी पोटात हवंच. मी म्हटलं, मी घाबरलेली नाही. ते माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत होते. त्याची मी तोवर दोरी केली होती. मग नवरा कोपऱ्यावरून दोन राजगिऱ्याचे लाडू आणि केळी घेऊन आला आणि मी दवाखान्याच्या बाकावर, शाळेच्या डब्याच्या सुट्टीत बसावं तशी बसून ते खाल्ले. अर्ध्या तासाने पुन्हा आत.

सुई मात्र बघून घ्या. बंद पाकिटातली, निर्जंतुक, एकदा वापरून फेकायची. पाकीट आपल्यासमोरच फोडायला सांगावं. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. इंजेक्शनची सुई पोकळ असते, आतून औषध जायचं असतं, म्हणून ती जाड. ही भरीव, आत काही नाही. प्लॅस्टिकच्या नळीत घालून वरून टिचकी मारतात. मी डोळे गच्च मिटून बसले.

टिक. नडगीवर.

डोळे उघडले. ‘डॉक्टर, खांदा वर आहे.’

‘माहितेय.’

आमच्याकडे म्हण आहे, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पण हे तर चक्क पखालीलाच टोचत होते! गुडघा आणि घोटा यांच्या अर्ध्या वाटेवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला जो बिंदू आहे, तो त्यांच्या शास्त्रात खांद्याचा म्हणून चालतो. जागा शोधायचं मापही रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीवर. म्हणजे पखाल माझी, मापही माझंच.

टोचलेलं खरंच कळलं नाही. कळलं ते नंतर. डॉक्टर सुई दोन बोटांत धरून पिळायला लागले, मिरजेत तंबोऱ्याची खुंटी पिळतात तशी, हळूच, कान देऊन. ‘जड वाटलं की सांगा.’ आणि नडगीत आतून काहीतरी जड, बोथट, भरून आल्यासारखं झालं. दुखणं नव्हे, त्याला मराठीत नेमका शब्द मला सापडला नाही. ‘वाटलं!’ ‘आता हात वर करा.’ हात रोजच्यापेक्षा दोन बोटं वर गेला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केला, तर एकच बोट. डॉक्टर म्हणाले, दहा सिटिंग लागतील. सिटिंग म्हणाले आणि झोपवलं.

खांद्यावर, कोपराजवळ, दोन्ही हातांच्या अंगठ्यामागच्या बेचक्यात. पाय धरून एकूण नऊ. पेपरचे गठ्ठे मोजून घ्यायची सवय, आपोआप मोजल्या. ‘वीस मिनिटं हलायचं नाही,’ असं सांगून ते पडद्यापलीकडे गेले आणि त्याच क्षणी माझ्या नाकाला खाज सुटली.

या वीस मिनिटांबद्दल मला कुणीच सावध केलं नव्हतं. सुई हा यातला सगळ्यात सोपा भाग. नाक डावीकडून खाजतं, मग उजवीकडून, मग खाज विचार करून शेंड्यावर येऊन बसते. मी ओठ वाकडा करून वर फुंकर मारत होते, तेवढ्यात पडद्यापलीकडच्या कॉटवरून आवाज आला. तासगावकडचे एक आजोबा, गुडघ्यांसाठी आलेले, माझ्या नवऱ्याला ज्ञान देत होते. ‘आवो, ही विद्या आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांनी आणली चीनमधनं.’

नवरा म्हणाला, ‘हो का?’

आता मला सांगा, इतिहासाच्या बाईने काय करावं? नाकाचं विसरले. पडद्यातून म्हटलं, ‘आजोबा, कोटणीस 1938 ला गेले ते परत आलेच नाहीत, 1942 ला तिकडेच वारले. त्यांच्याच पथकात डॉक्टर बसू होते, कलकत्त्याचे. ते पुढे पुन्हा चीनला जाऊन हे शिकले आणि 1959 मध्ये इकडे आणलं.’

पलीकडे शांतता. मग, ‘बाई, तुमी शिक्षिका व्हय?’

‘हो.’

‘वाटलंच. आमचा पण हात वर करून घ्याल आता.’

वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. डॉक्टर आले, भराभर सुया काढून ट्रेमध्ये टाकत गेले. एका ठिकाणी रक्ताचा टिपूस आला, त्यावर कापूस दाबला. असा टिपूस किंवा छोटा निळा डाग चालतो. अंग ढिलं पडून झोप आल्यासारखं झालं होतं. आज गाडी चालवू नका म्हणाले. मी उठून बसले, साडी सारखी केली आणि सवयीने ट्रेकडे पाहिलं.

‘डॉक्टर, आठच आहेत.’

‘नाही हो, आठच लावल्या होत्या.’

‘नऊ.’

पस्तीस मुलांचे चौतीस पेपर आले तर बाई वर्ग सोडत नाही. डॉक्टरांनी ट्रे मोजला, चादर झटकली, उशी उचलली. नवरा दूर जाऊन उभा राहिला. पडद्यापलीकडून आजोबा म्हणाले, ‘बाई म्हणत्यात म्हंजे नऊच.’ मी सावकाश निऱ्या उचलल्या. कडक इस्त्रीच्या, खाली सरकून आलेल्या. त्यांच्या मागे, नडगीवर, ताठ उभी.

पखालीलाच राहिली होती.