‘पोरांना पळून यायला जागा करून देता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. घराबाहेर काढल्या गेलेल्या एलजीबीटीक्यू (समलैंगिक, ट्रान्सजेंडर वगैरे) तरुणांच्या निवाऱ्यांना देणगी द्या, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, अशा सोयी झाल्या की पोरं घर सोडतात. आणि हे काम सरकारचं, आमच्या खिशाला चाट कशाला?

पोरं निवाऱ्याच्या जोरावर घर सोडत नाहीत हो. मारहाण झाली, जबरदस्तीनं लग्न ठरवलं, नाहीतर बापानंच दार लावून घेतलं, की ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघतात. आधार कार्ड आणि बारावीची मार्कशीट आईच्या कपाटात राहते. कागद नाहीत म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून खोली नाही. निवाऱ्यात जेवण-अंथरूण झालं की आधी हे कागद मिळवायची खटपट सुरू होते : एखाद्या मावशीला गळ घाल, कॉलेजच्या क्लार्कला विनवण्या कर. समुपदेशन आणि कोर्स त्यानंतर.

शिवाय अल्पवयीन मुलाला कोणी परस्पर ठेवून घेऊ शकत नाही. मूल ट्रान्सजेंडर आहे एवढ्यावरून त्याला कोर्टाच्या आदेशाशिवाय आईवडिलांपासून वेगळं करता येत नाही, असं ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १२ सांगतं. घरच्यांशी समेट व्हावा, हे मलाही मान्य आहे. पण पोटात अन्न आणि डोक्यावर छप्पर असलेलं पोरच घरी फोन लावायचं धाडस करतं.

आता सरकार. केंद्र सरकारची ‘गरिमा गृह’ नावाची निवारागृहं २०२० पासून आहेत, वडोदऱ्यापासून सुरुवात झाली. मात्र ती फक्त ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी. घरानं हाकललेला गे मुलगा किंवा लेस्बियन मुलगी त्या योजनेत बसत नाही. अनुदान रखडल्याच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. घरमालक भाड्यासाठी अनुदानाची वाट बघत बसतो थोडाच!

म्हणून म्हणतो, जुने कपडे नकोत, त्यांचे ढीग पडलेत. भाडं, गॅस, किराणा यांसाठी जमेल तेवढं, पण दरमहा द्या. पावती मागून घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही. नव्या करप्रणालीत तर ती मुळातच नाही.

निवाऱ्याचा पत्ता मात्र इथं टाकणार नाही. काही मुलांच्या मागावर त्यांचेच नातेवाईक असतात. मला मेल करा, संस्थेशी गाठ घालून देतो.