सब-ऑसिलेटर सूर सोडत नाही, कारण तो सूर लावतच नाही

मॉड्युलर सिंथेसायझर (सुट्या भागांचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: सब-ऑसिलेटर (मूळ सुराच्या एक-दोन सप्तकं खालचा सूर देणारं सर्किट, थोडक्यात ‘सब’) आणि क्लॉक डिव्हायडर (तालाचे ठोके २, ४, ८ ने भागणारं सर्किट) घरी बनवू नका. कारणं अशी दिली जातात: सूर टिकत नाही, साध्या सीमॉस चिप (मोजणीसारखी साधी कामं करणाऱ्या चिप) १२ व्होल्टवर जळतात, ताल नेमका हवा तर मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम भरायची चिप) लागतो, आणि एवढं करून आवाज पोकळच. हे वाचून नवखे लोक सगळ्यांत जास्त शिकवणाऱ्या सर्किटपासून लांब राहतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सूर. सीडी ४०१३ या चिपमध्ये दोन फ्लिप-फ्लॉप (‘वर’ किंवा ‘खाली’ यांपैकी एक स्थिती धरून ठेवणारे भाग) असतात. त्यातल्या एकाचं क्यू-बार, म्हणजे उलटं आउटपुट, त्याच्याच डी या इनपुट पिनेला जोडलं की क्लॉकच्या, म्हणजे आत येणाऱ्या लहरीच्या, प्रत्येक चढत्या कडेला आउटपुट पलटतं. आत ११० हर्ट्झ, बाहेर ५५. पुढे दुसरा फ्लिप-फ्लॉप जोडला की २७.५. ही निव्वळ मोजणी आहे, इथे सूर ठरवणारा एकही भाग नाही. मूळ ऑसिलेटर तापून चढला तर सबही त्याच प्रमाणात चढतो. दोघांतलं अंतर नेमकं सप्तकाचंच राहतं.

मग डळमळणारा सब येतो कुठून? माझ्याकडेही आला होता. ० ते १० व्होल्टची त्रिकोणी लहर सरळ क्लॉक पिनेला दिली, तर खर्जातला सब मधेच फरफरत वर उडी मारायचा. ४०१३ ला झटकन चढणारी कड लागते. त्रिकोणी लहर उंबरठ्यावरून सावकाश सरकते, आणि तेवढ्या वेळात जरासा गोंगाटही जास्तीची मोजणी करवतो. मधे ४०१०६ या चिपचा एक श्मिट ट्रिगर (सावकाश चढणाऱ्या लहरीला झटकन कड देणारा भाग) घातला आणि फरफर थांबली. ४०१३ च्या न वापरलेल्या अर्ध्या भागाच्या इनपुट पिनाही ग्राउंडला जोडा. त्या अधांतरी ठेवू नयेत.

जळण्याचं म्हणाल, तर सीडी ४००० मालिका ३ ते १८ व्होल्टवर चालते. १२ व्होल्टवर मरते ती ७४एचसी मालिका, आणि नावं सारखी वाटल्याने गल्लत होते. खरा धोका इनपुटचा आहे: ऑसिलेटरची लहर उणे ५ व्होल्टपर्यंत खाली जाते आणि चिपला ग्राउंडखालचं काही सोसत नाही. १०० किलोओहमचा रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर आणि बेसवर उलटा डायोड, एवढं संरक्षण पुरतं.

तालाच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. ठोके भागायला वापरतात तो ४०२४ हा मोजणी-चिप उतरत्या कडेला मोजतो, म्हणजे ठोका संपल्यावर आउटपुट हलतं. इनपुटचा तो ट्रान्झिस्टर क्लॉक उलटी करतो, त्यामुळे हे आपोआप सुटतं. दुसरा घोळ जास्त छळतो: रीसेटनंतर (मोजणी शून्यावर आणल्यावर) भागिले २ चं आउटपुट पहिल्या ठोक्याला वर जातं, भागिले ४ दुसऱ्याला, भागिले ८ चौथ्याला. सम जुळतच नाही. आउटपुटही इन्व्हर्टरमधून काढा, मग दर आठव्या ठोक्याला तिन्ही एकत्र चढतात. भागिले ३ हवं असेल तर ४०१७ या दुसऱ्या मोजणी-चिपचं ‘३’ हे आउटपुट त्याच्याच रीसेटला जोडा. यात मायक्रोकंट्रोलर कुठेच लागला नाही.

राहिला पोकळपणा. चौकोनी लहरीत फक्त विषम हार्मोनिक (मूळ सुराच्या ३, ५, ७ पट वरचे सूर) असतात, म्हणून ती तशी वाटते. भागिले २ आणि भागिले ४ ही आउटपुटं दोन डायोड आणि एका पुल-अप रेझिस्टरने (आउटपुट वर खेचणाऱ्या रेझिस्टरने) एकत्र केली की दोन सप्तकं खालचा २५ टक्क्यांचा पल्स, म्हणजे पाव वेळच वर राहणारी आणि सम हार्मोनिकही असलेली लहर, मिळतो. १९८२ च्या रोलँड एसएच-१०१ या सिंथेसायझरमध्ये सबसाठी दोन चौकोनी लहरींसोबत तिसरा पर्याय हाच होता.