जन्मठेपेत रात्री वेगळ्या मोजत नाहीत

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर मामांनी एक संदेश पुढे ढकलला. त्यातले दावे असे: जन्मठेप म्हणजे १४ वर्षे; तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात, म्हणून प्रत्यक्षात सातच; १४ वर्षे भरली की सरकारला कैद्याला सोडावेच लागते; आणि राज्यपालांनी माफी दिली तर त्यांना जाब विचारणारे कोणी नाही, खुनाबद्दल जन्मठेप झालेले नौदल अधिकारी नानावटी यांचे उदाहरण पाहा. एरवी असले संदेश मी न वाचताच पुसतो. परंतु हा आमच्या शेजारच्या काकूंपर्यंतही पोहोचला. त्यांच्या भावाच्या खुनाबद्दल दोन वर्षांपूर्वी एकाला जन्मठेप झाली आहे. मोबाइल हातात घेऊन त्या दारात आल्या आणि बोटांवर हिशेब करत म्हणाल्या, "म्हणजे अजून पाच वर्षांनी तो पुन्हा आमच्याच गल्लीतून जाणार का रे?"

म्हणून आधी रात्रींचा हिशेब. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९ मध्ये वर्ष आणि महिना ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजावेत, असे १८६० पासून लिहिलेले होते. त्या कॅलेंडरात एका तारखेला एकच चौकोन असतो. दिवसाचा एक आणि रात्रीचा दुसरा नसतो. शिवाय ही सवलत फक्त जन्मठेपेलाच का असावी, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. रात्र वेगळी धरायची तर सहा महिन्यांची शिक्षा तीन महिन्यांत संपेल आणि १५ दिवसांची साधी कैद झालेला माणूस आठव्या दिवशी जेवायला घरी येईल. असे कोणाच्या बाबतीत घडल्याचे मामांनी पाहिले आहे का, हे मी त्यांना विचारले. उत्तरादाखल हात जोडल्याचे चिन्ह आले. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. चांगल्या वर्तनाबद्दल आणि कामाबद्दल कैद्याच्या खात्यावर माफीचे दिवस जमा होतात आणि ठरावीक मुदतीची शिक्षा असलेला कैदी त्यामुळे लवकर सुटतो. बहुधा याच हिशेबावर कोणीतरी रात्री चढवल्या असाव्यात. परंतु ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झाली असेल, तर माफीचे दिवस न धरता प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही. हे बंधन डिसेंबर १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ ने आले आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्येही ते कायम आहे.

चौदाचा आकडा येतो तो इथून, आणि तो शिक्षेचा शेवट नसून सुटकेच्या विचाराची किमान पायरी आहे. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी जन्मठेप २० वर्षांची धरून, माफीचे दिवस मिळवून आपली ती वर्षे भरली आहेत, असा दावा सर्वोच्च न्यायालयात केला होता. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, आणि सरकारने रीतसर आदेश काढल्याखेरीज माफीच्या दिवसांनी सुटकेचा हक्क मिळत नाही, असे सांगून न्यायालयाने जानेवारी १९६१ मध्ये तो फेटाळला. १९६४ मध्ये ते सुटले, ते सरकारने सोडले म्हणून. संदेशातली खरी खोट इथेच आहे. सुटका आपोआप होते असे एकदा मानले, की आदेशावर कोणाची सही आहे, हे विचारण्याचे कारणच उरत नाही.

नानावटींची माफी खरी आहे. जन्मठेप कायम झाल्यावर तीन वर्षांच्या आत, १९६४ मध्ये, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी ती दिली आणि राज्यघटनेच्या कलम १६१ खालच्या या अधिकाराला १४ वर्षांची अट आजही लागू नाही. तेवढे मामांचे बरोबर. मात्र हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो आणि तो न्यायालयाच्या कक्षेबाहेर नाही. आंध्र प्रदेशात आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे राज्यपाल असताना एका काँग्रेस कार्यकर्त्याला दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली होती.

जाब विचारणारे कोणी नसते, म्हणे! २००२ च्या गुजरात दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि हत्यांच्या बिल्किस बानो प्रकरणातील अकरा दोषींची १४ वर्षे भरून गेली होती. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांना सोडले, तुरुंगाबाहेर हारतुरेही झाले. खटला मुंबईत चालून शिक्षा इथे झालेली असल्यामुळे सुटकेचा निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली. दोन आठवड्यांच्या मुदतीत, २१ जानेवारीच्या रात्री, ते अकराही जण गोध्र्याच्या तुरुंगात परत हजर झाले. काकूंना मी हा निकाल सांगितला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की आपल्या खटल्यात अर्ज आला तर तो कोणाकडे जाईल. शिक्षा महाराष्ट्रात झाली आहे, म्हणून मुंबईत, गृह विभागाकडे, असे मी त्यांना एका कागदावर लिहून दिले.